वगळलेल्या त्रेसष्टांतली एक

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. चार पानांचं पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, निळ्या शाईत आणि चक्क इंग्रजीत. चुका होत्या, भरपूर होत्या, पण एकही वाक्य मिळमिळीत नव्हतं. पाच महिने ते त्याच्या टेबलाच्या खणात पडून होतं. तो रोज खण उघडायचा, पत्र आहे ना ते बघायचा आणि खण लावून टाकायचा. जणू एखाद्या दिवशी पत्रालाच पाय फुटतील आणि ते तिला जाऊन सांगेल, की हा गृहस्थ काही उत्तर देणाऱ्यांतला दिसत नाही.

हा आळस नव्हता. कुलूप नीट लागलं का म्हणून अर्ध्या रस्त्यातून तीनदा माघारी येणारी माणसं असतात ना, त्यांतला तो. मनासारखं एखादं वाक्य सुचलं, की पुढच्याच क्षणी ते खोटं वाटायचं. अकरा मसुदे झाले आणि अकराही फाडले गेले.

शिवाय पत्र रागाचं होतं, आणि राग रास्त होता. खोट्या रागाची समजूत तरी काढता येते. रास्त रागापुढे माणसाने करायचं काय?

सुरुवात मात्र हसतखेळत झाली होती…

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक अरुंद दुकान होतं. इतकं अरुंद, की आतल्या माणसाला बाहेर यायचं तर बाहेरच्याने आधी रस्ता द्यायचा. एका दुपारी तो तिथे पहिल्यांदा गेला तो केवळ योगायोगाने, कारण नेहमीच्या दुकानाचं मशीन बिघडलं होतं. त्याला एका प्रश्नावलीच्या चारशे प्रती हव्या होत्या. विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकण्याचं मोबाइल ॲप कितपत स्वीकारलं, हा त्याच्या पीएचडीचा विषय. विद्यापीठाने गेल्याच वर्षी असं एक ॲप आणलं होतं. रोज ते उघडलं, दहा मिनिटं बोटं चालवली, की पडद्यावरचं एक कासव टाळ्या वाजवायचं आणि वर्षाअखेरीस वीस गुण पदरात पडायचे. मुलांना हे पटलंय का, रुचलंय का, ते त्याला मोजायचं होतं. प्रश्नावलीत चोवीस विधानं, आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच चौकोन.

मशीनवर ती उभी होती. केस पेन्सिलीने वर खोचलेले, बोटांच्या टोकांना काळी भुकटी. पहिली प्रत बाहेर आली, तशी ती गरम असतानाच उचलून तिने वाचायला घेतली. मशीनमधून जाणारा प्रत्येक कागद ती वाचायची. रजेचे अर्ज, गुणपत्रिका, भाडेकरार, लोकांची भांडणं. वाचल्याशिवाय कागद सरळ लागत नाही, अशी तिची सबब होती.

“सगळं गोडगोडच विचारलंय तुम्ही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ॲप सोपं आहे. ॲप उपयोगी आहे. ॲप वापरताना मला आनंद होतो…” तिचं बोट विधानांवरून खाली खाली सरकलं. “आपल्याच लेकराचं कौतुक करणाऱ्या आईसारखं चाललंय. चोवीस वाक्यं, आणि एकाच्याही कपाळाला आठी नाही?”

त्याने नम्रपणे सांगितलं की ही विधानं त्याच्या मनची नाहीत, पारखून घेतलेली आहेत, अनेक देशांतल्या अभ्यासकांनी ती वापरली आहेत.

“मग त्या अनेक देशांत कोणाला राग येत नसेल,” ती म्हणाली आणि झाकण उघडून कागद उलटा ठेवला.

तो हसला. पुढे कित्येकदा त्याला त्या हसण्याची लाज वाटली. पण त्या वेळी तिच्या गालावर मशीनचा हिरवा उजेड येत होता आणि जात होता, येत होता आणि जात होता… आणि माणसाला एका वेळी किती गोष्टी सुचणार? तिने विचारलं, आणखी काही? त्याला म्हणायचं होतं एक, आणि तो म्हणाला, “स्टेपल करून द्या.”

दुसऱ्या दिवशी तो एका पानाची प्रत काढायला गेला. तिसऱ्या दिवशी दोन पानांची. चौथ्या दिवशी तिने पान हातात घेतलं, उजेडात धरलं आणि मशीनमागून हाक दिली, “मामा, प्रश्नावली आले बघा. परवाचंच पान घेऊन आलेत.”

दुकान तिच्या मामाचं होतं. मामा मागे बसून प्रबंधांना पुठ्ठे चिकटवायचे आणि मान वर न करता बोलायचे. ते म्हणाले, असू दे गं, काही लोकांना एक गोष्ट दोनदा केल्याशिवाय खात्री वाटत नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ‘प्रश्नावली’.

ती विद्यापीठातच पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचं नाव आधीच पडलेलं होतं. तिला सगळे ‘हरकत’ म्हणायचे. ते नाव संभाषण वर्गाच्या बाईंनी ठेवलं होतं.

हा वर्ग सात नंबरच्या खोलीत संध्याकाळी भरायचा. अठरा मुलं होती आणि एक बाई, निवृत्तीला आलेल्या, आवाज खणखणीत. इंग्रजी बोलायला शिकवायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. प्रत्येकाने येताना एक तक्रार आणायची. खरी, स्वतःची, ताजी. आणि ती उभं राहून इंग्रजीत सांगायची. नमस्कार-चमत्कार नाहीत, हवापाणी नाही. बोलणारा थांबेपर्यंत बाई एकही चूक दुरुस्त करायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की कौतुक माणूस पाठ करून करतो, पण तक्रार करताना शब्द शोधावाच लागतो.

प्रश्नावल्या वाटायला तो एका संध्याकाळी त्या खोलीत गेला, तेव्हा हरकत उभी होती. तिची तक्रार कासवाविरुद्ध होती. दुकानात येणाऱ्या लोकांच्या फाइली ज्या फोनवर यायच्या, त्याच फोनवर तिला ॲप घालावं लागलं होतं. स्वतःचा फोन तिला नव्हता. कोणाचा प्रबंध छापता छापता मध्येच कासव उगवायचं आणि म्हणायचं, आज तू माझ्याशी बोलली नाहीस. ती अडखळत होती, क्रियापदं मागेपुढे होत होती, पण थांबत नव्हती. ती सांगत होती की या कासवाने तिला विमानतळ कुठे आहे ते विचारायला शिकवलं, सूप गरम आहे म्हणायला शिकवलं. दोनशे धडे झाले, पण एका धड्यातही कोणी कोणाला नाही म्हणत नाही. कोणी म्हणत नाही, की हे चूक आहे, मला हे मान्य नाही. तिच्या वर्गातली एक मुलगी सात जणांचे फोन खिडकीत ओळीने मांडून सातही जणांची दहा मिनिटं भरते, आणि कासव सातही जणांना टाळ्या वाजवतं. तेव्हा हे कासव शिकवत नाही, हजेरी घेतं… असं म्हणून ती बसली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तो प्रश्नावल्यांचा गठ्ठा छातीशी धरून दारात तसाच उभा. त्या क्षणी त्याला कोणी प्रश्न विचारला असता, तर पाचांपैकी एकही चौकोन त्याला पुरला नसता.

वर्ग सुटल्यावर दोघं मागच्या जिन्यावर बसली. वाऱ्याने तिच्या केसांतली पेन्सिल निसटली, त्याने ती उचलून दिली, आणि देताना बोटांना बोटं लागली की नाही याचा विचार तो पुढे आठवडाभर करत राहिला.

“आता तुमची एखादी तक्रार सांगा,” ती म्हणाली.

“माझी कशाबद्दल काही तक्रार नाही.”

“अरेरे… मग तुम्हाला इंग्रजी आलं तरी कसं?”

त्याने मनापासून शोधलं. मार्गदर्शक मॅडम, ग्रंथालय, ताईच्या घरची त्याची खोली… सगळीकडे फिरून झाल्यावर तो अगदी हळू म्हणाला, “तुमचं दुकान साडेसातला बंद होतं.”

तिने पेन्सिल केसांत खोचली आणि ती उठून गेली. पण दुसऱ्या दिवसापासून दुकान आठला बंद व्हायला लागलं. मामांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं म्हणे, की गिऱ्हाइकाची तक्रार आली होती.

असे दोन महिने गेले. भरलेल्या प्रश्नावल्या परत आल्या. चारशेच्या चारशे. आकडे संगणकात घालून झाले आणि मग आला तो टप्पा, ज्याला त्याच्या विभागात ‘साफसफाई’ म्हणत. नियम असा, की ज्याने सगळ्या विधानांपुढे एकच चौकोन भरला, त्याने न वाचताच खुणा केल्या, तो निष्काळजी, त्याची प्रश्नावली बाद. पद्धत जुनी होती, कोणी शंका घेत नसे. त्याने यंत्राला आज्ञा दिली आणि एका क्षणात त्रेसष्ट जण गळाले. त्यांतल्या नऊ जणांनी सगळीकडे पूर्ण सहमत भरलं होतं आणि चोपन्न जणांनी पूर्ण असहमत. तेव्हाच त्याला खटकायला हवं होतं. नऊ कुठे आणि चोपन्न कुठे! पण उरलेल्या तीनशे सदतीसांत ब्याऐंशी टक्के मुलांनी ॲप स्वीकारलंय असं निघालं. मॅडम खूष झाल्या, आणि मॅडम खूष झाल्या की त्याच्या छातीवरचा दगड दोन दिवस उतरायचा.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना वेळ नव्हता, इतकंच. त्यांनी तो आकडा उचलला आणि अभ्यास मंडळापुढे नेला. एवढ्या मुलांना ॲप मान्य आहे, तर अठरा मुलांसाठी एक खोली आणि एक बाई कशाला अडकवायची? पुढच्या सत्रापासून संभाषण वर्ग बंद करावा, असा ठरावाचा मसुदाही तयार झाला.

त्याने प्रबंधातल्या या आकड्यांच्या प्रकरणाच्या पाच प्रती बांधायला दुकानात दिल्या आणि ठरवलं, की उद्या त्या घ्यायला जाईन तेव्हा तिला म्हणेन, चला, चहा घेऊ. एवढंच. ताईसमोर त्याने हे वाक्य मोठ्याने म्हणूनही पाहिलं. ताई म्हणाली, एवढ्या तीन शब्दांना तुला तीन महिने लागले, संसार थाटायला किती जन्म लागतील?

दुसऱ्या दिवशी प्रती तयार होत्या. कडा एकसारख्या कापलेल्या, पुठ्ठे ताठ. पण ती मशीनकडे तोंड करून उभी होती आणि वळली नाही. मामांनी पिशवी हातात दिली. मान त्यांनी पहिल्यांदाच वर केली. पिशवीत सगळ्यात वर ते पत्र होतं.

तिने वाचलं होतं. अर्थात वाचणारच. वाचल्याशिवाय कागद सरळ लागत नाही. प्रकरणाच्या शेवटी परिशिष्टात त्याने, प्रामाणिकपणाने म्हणून, बाद केलेल्या प्रश्नावल्यांचे क्रमांक दिले होते आणि वर मथळा: ‘निष्काळजीपणे भरलेल्या’. प्रश्नावल्यांवर क्रमांकाचे शिक्के तिनेच मारले होते. तिचा क्रमांक दोनशे चौदा. आणि दोनशे सातपासून दोनशे चोवीसपर्यंत, ओळीने, बाईंचा अख्खा वर्ग. अठराच्या अठरा. ज्यांचा वर्ग बंद करायचा, नेमक्या त्यांनाच मोजलं नव्हतं.

पत्र त्याने फाटकाजवळ उभ्याउभ्या वाचलं. तिने लिहिलं होतं, मी निष्काळजी नाही. तुमचे चोवीस प्रश्न मी दोन संध्याकाळी बसून वाचले. एकेक वाक्य वाचलं आणि एकेकाला नाही म्हटलं, कारण एकेक वाक्य माझ्यापुरतं खोटं होतं. थोडं हो, थोडं नाही म्हणणारा तुमच्याकडे शहाणा. ठामपणे नाही म्हणणारा निष्काळजी. मग नाही म्हणायचा चौकोन छापलात कशाला? शोभेला? मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रश्न सगळे एका बाजूचे आहेत. तुम्ही हसलात. कासवही माझं कधी ऐकत नाही, पण ते यंत्र आहे. तुम्ही तर रोज दुकानात येत होता.

असं चार पानं. कुठे शब्द खोडलेला, कुठे कागद पेनाने फाटलेला. आणि शेवटी, सहीच्या वर, एक ओळ सोडून:

‘मला तुम्ही आवडता. ही वेगळी तक्रार आहे. वरच्या तक्रारीशी तिचा संबंध लावू नये.’

इंग्रजीत लिहिलेलं असल्यामुळे ती ‘तुम्ही’ म्हणतेय की ‘तू’, हेही कळायला मार्ग नव्हता. त्याने आयुष्यात वाचलेलं हे सर्वांत सुंदर वाक्य होतं, आणि ते त्याला मिळालं होतं चार पानं शिव्या खाल्ल्यावर.

तो तसाच दुकानाकडे वळला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो घरी गेला. आधी चूक निस्तरावी आणि मग तोंड दाखवावं, असं त्याने ठरवलं. दिसायला किती सज्जन विचार! पण निस्तरायचं म्हणजे मॅडमना नाही म्हणायचं, आणि तेवढंच त्याला येत नव्हतं. तो मॅडमच्या दारापर्यंत जायचा, आत कोणी बसलंय असं स्वतःला सांगायचा आणि परत यायचा. कधी कधी आत कोणीही नसायचं. दुकानावरून जायचं टाळण्यासाठी तो पुढच्या फाटकाने यायला लागला. लांबचा रस्ता, पाऊण तासाचा. भेकड माणसाला चालायला कधी कंटाळा येत नाही.

इकडे परीक्षा झाल्या. ती पदवी घेऊन गेलीसुद्धा.

ते त्याला कळलं बाईंकडून. ग्रंथालयात त्या त्याच्यासमोर येऊन बसल्या. वर्ग मोडणार हे त्यांना समजलं होतं. का मोडणार, तेही. तो उठून उभा राहिला. बाई म्हणाल्या, बस. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की हरकतने जाण्याआधी अठराही जणांकडून कुलसचिवांना इंग्रजीत पत्रं लिहून घेतली. एकाचा मजकूर दुसऱ्यासारखा नाही. अठरा पत्रं, अठरा संताप.

“आणि तू?” बाईंनी विचारलं. “तुला कसला म्हणून राग येत नाही का रे?”

तो पुस्तकं गोळा करून निघाला. पण त्या दिवशी पुढच्या फाटकाच्या लांब रस्त्याने घरी जाताना, मध्यावर कुठेतरी, त्याला राग आला. आधी बारीक. मग चढत गेला. त्या नियमाचा राग, ज्याला चोपन्न माणसं आणि नऊ माणसं सारखीच कचरा वाटतात. त्या गुळगुळीत विधानांचा राग. वीस गुणांचं गाजर दाखवायचं आणि मग विचारायचं, तुम्हाला गाजर आवडतं ना? आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. ज्या मुलीने त्याच्यासमोर उभं राहून त्याला त्याची चूक सांगितली, तिलाच त्याने स्वतःच्या हाताने निष्काळजी म्हणून छापलं होतं, आणि वर पाच महिने तोंड लपवलं होतं. रस्त्यात एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तर हा त्याच्यावर ओरडला. सायकलवाला थांबून बघतच राहिला. त्यालाही, म्हणजे ओरडणाऱ्याला, स्वतःचा आवाज ओळखीचा वाटला नाही.

अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात होती. तो बिनबोलावता गेला नाही. आकडे सादर करायला त्यालाच बोलावलं होतं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर उजेडात त्याचे तक्ते. तिसऱ्या तक्त्याला तो थांबला. आणि म्हणाला, की हा ब्याऐंशीचा आकडा बरोबर नाही. त्रेसष्ट माणसं आत घेतली की तो एकाहत्तर होतो.

मॅडम हसून म्हणाल्या की एकाहत्तर म्हणजे बहुमतच, बाकीचं आपण नंतर बोलू.

“बहुमत असेल, मॅडम. पण चोपन्न जणांनी आपल्याला चोवीस वेळा नाही सांगितलं आणि आपण लिहिलं की त्यांनी वाचलंच नाही. प्रश्न मी एकाच बाजूचे ठेवले होते. ज्याला काहीच पटलं नाही, त्याने दुसरं काय भरायचं होतं? निष्काळजीपणा त्यांचा नव्हता. माझा होता. आणि या आकड्यावर कोणाचा वर्ग बंद करायला माझी परवानगी नाही.”

परवानगी! ती त्याच्याकडे कोणी मागितलीच नव्हती. ते त्याच्याही ध्यानात आलं, पण बोलून झालं होतं. खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. मॅडमचा चेहरा असा झाला, की त्याला वाटलं आपल्या पदवीचा दिवा इथेच विझला. पण दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुलसचिवांनी समोरच्या फाइलमधून कागदांचा एक गठ्ठा काढला, मोजला आणि विचारलं की ही अठरा पत्रं आलीत ती त्याच मुलांची का. तो म्हणाला, हो. कुलसचिव म्हणाले, “इंग्रजी तर चांगलं आहे यांचं. कोण शिकवतं?”

निकाल काही गाजावाजाचा लागला नाही. ॲप राहिलं, वीस गुणही राहिले. नवी पाहणी होईपर्यंत संभाषण वर्गाला हात लावू नये, असं ठरलं. नवी पाहणी त्यानेच करायची, दोन्ही बाजूंचे प्रश्न घालून. म्हणजे पीएचडी आणखी एक वर्ष लांबली. मॅडम त्याच्याशी आठ दिवस फक्त चिठ्ठ्यांनी बोलल्या. नवव्या दिवशी त्यांनी नव्या प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मागवला आणि त्यावर लाल शाईत लिहिलं, सातवं विधान अजूनही गोड आहे.

त्या संध्याकाळी तो मागच्या फाटकाने गेला. मशीनवर आता मामाच उभे होते आणि कागद वाकडे निघत होते. त्याने तिचा पत्ता विचारला.

“पाच महिने,” मामा म्हणाले. “माझं हे जुनं मशीनसुद्धा गरम व्हायला एवढा वेळ घेत नाही.” मग त्यांनी सांगितलं, की ती तिच्या गावाजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत लागली आहे. तक्रार विभागात. दिवसभर फोनवर लोकांचा राग ऐकते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि लिहून घेते. मुलाखतीत तिला विचारलं होतं, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलाल? तर ही म्हणाली, आधी त्याचं बरोबर आहे का ते बघीन.

“चिडली आहे का अजून?” त्याने विचारलं.

“ते मला विचारू नका. प्रत्येक फोनमध्ये एकदा विचारते, टपाल आलं का. कोणाचं ते सांगत नाही.” मामांनी एका वाकड्या प्रतीच्या पाठीवर पत्ता लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबलापाशी बसून पत्र लिहिलं. मसुदा केला नाही. एकदा त्याला वाटलं, शेवटी नुसतं ‘पूर्ण सहमत’ लिहावं, किती गमतीचं होईल. लगेच वाटलं, ज्या चौकोनांनी तिला छळलं त्यांच्यातच पुन्हा कोंबायचं तिला? पेन उचलून त्याने साध्या मराठीत लिहिलं:

‘तुझी पहिली तक्रार शब्दन् शब्द खरी आहे. काय केलं ते सोबतच्या कागदात आहे. तुझं नाव आता निष्काळजींच्या यादीत नाही. ती यादीच नाही. उशिरा केलं, ही माझी दुसरी चूक, आणि तुला कळवलं नाही ही तिसरी.

‘वेगळ्या तक्रारीबद्दल. मलाही तू आवडतेस. पहिल्या दुपारपासून. आणखी काही हवं का, असं तू विचारलंस, तेव्हाच सांगायचं होतं; मी स्टेपल मागितले. रविवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्या गावी येतोय. स्टेशनसमोर चहा मिळत असेल, तिथे दहा वाजता थांबेन. राग असेल तर तो घेऊन ये, मी सगळा ऐकेन. यायचं नसेल तर येऊ नकोस. तुझं नाही मी नाहीच धरेन, त्याला दुसरं कसलंही नाव देणार नाही.’

पाकीट चिकटवून तो टपाल कचेरीत गेला. रांगेत पुढे तिघं होती. तेवढ्या वेळात त्याला तीन शंका आल्या: ‘तू’ लिहायला नको होतं, रविवारी तिला सुट्टी असेल की नाही, आणि शुद्धलेखन. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट काट्यावर टाकलं, तिकिटं फाडून दिली, चिकटवलेली तपासली आणि शिक्का उचलला. मग याचा हात अजून खिडकीच्या फळीवरच आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

“काय हो, पत्ता चुकलाय का? परत हवंय?”

“नाही,” तो म्हणाला.

शिक्का बसला. पाकीट कारकुनाच्या हातून मागच्या पोत्यात गेलं, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.